साडेचार सूत, वीस आटे, डावे

क्रँकमधले, म्हणजे पेडल ज्या दांडीत बसतं तिच्यातले, पेडलचे आटे गेले की सायकलच्या बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळतं: क्रँकसेट बदला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आता स्वतः सगळ्यातून गेल्यावर तर ठामपणे सांगतो, बेळगावात राहणाऱ्या माणसाने ते उत्तर ऐकून गप्प बसू नये. तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की उद्यमबाग आहे. तिथे दिवसभर लोखंडावर आटेच पाडतात. ओतकाम, टर्निंग, ग्राइंडिंग, सगळं एका गल्लीच्या अंतरावर. सायकलचा क्रँक हा शेवटी अॅल्युमिनियमचा एक लांबट तुकडा आणि त्यात एक भोक. भोक दुरुस्त करणारी माणसं आपल्या शेजारीच आहेत.

माझ्या सायकलला झालं ते असं. पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला टाकली होती. दुकानाने बेअरिंग साफ केली, चेन धुतली, पेडल काढून पुन्हा बसवली. काही आठवड्यांनी पिरनवाडीहून जांबोटीच्या रस्त्याला निघालो, तर डाव्या पायाखाली प्रत्येक फेरीला एकदा टक् वाजायला लागलं. आधी वाटलं पेडलची बेअरिंग. किणयेच्या जवळ आल्यावर पेडल पायाखाली कलायला लागलं, म्हणजे बूट बाहेरच्या बाजूला घसरायचा. उतरून हाताने हलवलं तर आख्खं पेडल क्रँकमध्ये डुगडुगत होतं. बोटांनी उलटं फिरवल्यावर अलगद बाहेर आलं, आणि त्याच्या आट्यांत गुंडाळलेली चंदेरी तार आली. बारीक, सलग, शेवईसारखी. ती तार म्हणजे क्रँकमधले आटेच होते.

अशी तार दिसली की पुढे चालवायचा मोह टाळावा. पेडलचा अॅक्सल पोलादाचा आणि क्रँक अॅल्युमिनियमचा. दोघांच्या भांडणात झिजतो तो क्रँक. जितका वेळ तुम्ही डुगडुगत्या पेडलवर जोर देता, तितका वेळ पोलादी आटे कानशीसारखे भोक मोठं करत जातात. भोक जेवढं कमी बिघडलेलं, तेवढी दुरुस्ती चांगली होते. मी तिथून सायकल हातात धरून चालत पिरनवाडीला आलो आणि टेम्पोत टाकली.

वाटेतल्या पंक्चरवाल्याने भल्या मनाने दोन उपाय सुचवले. एक, आट्यांवर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकून बसवायचं. दुसरा, वेल्डिंग मारायचं. पत्र्याने घरी पोचता येतं हे खरं आहे, पण ज्या पेडलवर चढावर उभं राहून सगळं वजन टाकायचं, ते पत्र्याच्या भरवशावर सोडू नये. भर वाहतुकीत पेडल निसटलं तर माणूस सरळ चाकाखाली जातो. आणि पोलादी अॅक्सल अॅल्युमिनियमला साध्या वेल्डिंगने जोडलाच जात नाही. दोन्ही धातू वेगळे, वितळायचं तापमान वेगळं. अॅल्युमिनियम खराब होऊन बसतं, एवढंच. एम-सील, टेफ्लॉन टेप यांचीही तीच गत. आट्यांत धातूच उरलेला नसेल तर चिकटवायचं कशाला?

घरी आल्यावर टॉर्च मारून भोक नीट पाहिलं. कारण तिथेच लिहिलेलं होतं. बाहेरच्या तोंडाकडचे आटे एका बाजूला पूर्ण सपाट झाले होते आणि बरोबर समोरच्या बाजूला एकावर एक चढलेले, दुहेरी दिसत होते. आतल्या टोकाचे तीन-चार आटे मात्र अजून शाबूत. म्हणजे पेडल बसवताना ते तिरकं लागलं होतं आणि त्यावर लांब पाना घालून तसंच रेटलं होतं. तिरकं लागलेलं पेडल सुरुवातीला घट्टच वाटतं, कारण ते आटे कापत आत जातं. पण पकड दोन-तीन आट्यांचीच असते. मग प्रत्येक फेरीला ते थोडं झुलतं आणि धरलेले आटेही खाऊन टाकतं. बसवणाऱ्या मुलाला कुणी दाखवलं नसेल. पण हे काम पान्याने सुरू करायचंच नसतं. पहिल्या चार-पाच फेऱ्या बोटांनी जायला हव्यात. बोटांनी जात नसेल तर काहीतरी चुकतंय. काढायचं, पुसायचं, ग्रीस लावायचं आणि पुन्हा सरळ धरून लावायचं.

डाव्या पेडलचं आणखी एक आहे. त्याचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात. नेहमीच्या सवयीने कुणी ते घड्याळाच्या दिशेने आवळायला गेलं की तोंडाकडचे आटे तिथेच दुखावतात. हे उलटे आटे का, हे आपण बरीच वर्षं चुकीचं समजत होतो असं पुष्कळजण सांगतात, कारण पहिला अंदाज नेमका उलटा निघतो. वाटतं, बेअरिंगच्या घर्षणाने पेडल आवळलं जात असेल. प्रत्यक्षात उजव्या बाजूने पाहिलं तर घर्षण अॅक्सलला सुटायच्या दिशेने ओढतं. पण त्याहून मोठं बळ दुसरं आहे. पायाचा दाब कायम खाली, आणि क्रँक मात्र गोल फिरतो. त्यामुळे क्रँकच्या नजरेने पाहिलं तर दाबाची जागा भोकाच्या कडेने फिरत राहते. आट्यांत केसाएवढी का होईना मोकळीक असतेच. त्या मोकळिकीत अॅक्सल भोकाच्या भिंतीवर लोळत जातो आणि लोळताना दाबाच्या उलट दिशेने थोडा थोडा फिरतो. उजवीकडे ही दिशा सरळ आटे आवळणारी, डावीकडे उलटे आटे आवळणारी. म्हणून दोन्हीकडे वेगळे आटे. पाना अॅक्सलवर वरच्या बाजूला धरला तर दोन्ही पेडल मागे ढकलल्यावर सुटतात आणि पुढे ओढल्यावर आवळतात. एवढं लक्षात ठेवलं की डावं-उजवं आठवत बसायला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दोन-तीन दुकानांत विचारलं. सुटा डावा क्रँक कुणाकडेच नव्हता. मागवता येतो, पण तिथेही जपावं लागतं. लांबी जुळायला हवी. माझा १७० मिलिमीटरचा, आणि तो आकडा क्रँकच्या पाठीमागे कोरलेला असतो. शिवाय सायकलच्या मधल्या चौकोनी अॅक्सलवर बसणाऱ्या क्रँकचं भोकही मापाचं हवं. जरा वेगळ्या मापाचा आणला तर तो एकतर खोल जाऊन फ्रेमला घासतो किंवा बाहेरच राहतो. हेलिकॉइल (बिघडलेल्या भोकात बसवायची तारेची आटेदार गुंडाळी) विचारलं तर गाड्यांच्या गॅरेजमध्ये होतं, पण स्पार्क प्लगचं आणि मिलिमीटरच्या बोल्टचं. पेडलचं माप त्यांच्याकडे कुठून असणार?

पेडलचा आटा खरोखरच जगावेगळा आहे. व्यास ९/१६ इंच, म्हणजे साडेचार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मिलिमीटरमध्ये १४.२९. एका इंचात वीस आटे. हार्डवेअरमध्ये ९/१६ चा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मागितला तर युएनएफ मापपद्धतीचा अठरा आट्यांचा मिळेल, बीएसएफ मापपद्धतीचा सोळा आट्यांचा मिळेल. वीस आट्यांचा हा सायकलचाच, जुन्या इंग्रजी सायकलींपासून चालत आलेला. अठराचा टॅप वीसच्या भोकात घातला तर उरलेले आटेही जातील. कुणी "जवळजवळ बसतो" म्हणालं तर क्रँक हातातून काढून घ्यावा.

म्हणून उद्यमबाग. ओळखीतून एका लेथवाल्या मामांचं शेड समजलं. जायच्या आधी क्रँक काढायचा होता, आणि इथे आणखी एक आटा धोक्यात असतो. मधला बोल्ट सोडवल्यावर आत वायसर असेल तर तोही काढायचा. मग पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) क्रँकच्या आट्यांत शेवटपर्यंत बसवायचा. हे आटे २२ मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), फार बारीक. वायसर आत राहिला किंवा पुलर दोन फेऱ्यांवरच अडकवून दांडी आवळली, तर क्रँक जागचा हलत नाही आणि पुलर आटे ओरबाडत बाहेर येतो. मी भोक ब्रशने साफ केलं, पुलर हाताने पूर्ण बसवला आणि मगच दांडी आवळली. क्रँक कट् आवाज करून सुटला. पेडलच्या आट्यांत भरलेलं अॅल्युमिनियम सुईने कोरून काढलं. पोलादी आटे अगदी चांगले होते. म्हणजे पेडल नवं घ्यायला लागलं नाही, आणि पुढे तेच माप तपासायचं गेज म्हणून उपयोगी पडलं.

मामांनी क्रँक हातात घेतला, अंगठ्याने भोक चाचपलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पायंडल आणलाय काय?" आणलं होतं म्हणून काम पुढे सरकलं. पिच गेजची पाती एकेक लावत त्यांनी वीसवर बोट ठेवलं. "साडेचार सूत, वीस आटे, डावे. टॅप कुणाकडं मिळणार नाही हा. लेथवर पाडूया की." कारागिराच्या तोंडून असं ऐकलं की निम्मी काळजी तिथेच जाते.

बेत असा ठरला. बिघडलेलं भोक मोठं करायचं, त्यात आटे पाडायचे, आणि बाहेरून-आतून आटे असलेलं पोलादी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवायचं. बुशाच्या बाहेरच्या आट्याला मी १८ मिलिमीटर म्हणालो होतो. मामा म्हणाले, सहा सूत करूया, आणि तिथेही वीसच आटे ठेवूया. कारण त्यांच्या लेथचा लीडस्क्रू (टूल पुढे-मागे सरकवणारा लांब स्क्रू) इंचातला, इंचात चार आट्यांचा. वीस आट्यांची गिअरं एकदा लावली की बाहेरचे, आतले आणि क्रँकमधले, सगळे आटे त्याच जुळणीवर पडतात. मिलिमीटरचं पिच काढायला १२७ दातांचं गिअर शोधत बसावं लागलं असतं. हिशोब केला तर जाडीही चांगली मिळत होती. सहा सूत म्हणजे १९.०५. आट्यांची खोली वजा जाता बुशाची भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास उरते. क्रँकचं ते टोक व्हर्नियरने ३० मिलिमीटर रुंद भरलं, म्हणजे भोवती पाच मिलिमीटरहून जास्त अॅल्युमिनियम राहत होतं. टोक याहून बरंच बारीक असेल तर हा मार्ग धरू नये. तिथे क्रँक बदलणंच बरं.

बाहेरचे आटे सरळ की डावे, यावर थोडी चर्चा झाली. शेडमधला एक तरुण फिटर म्हणाला, सरळ ठेवले तर सोपं. मामांनी त्याला कन्नडमध्ये समजावलं आणि मग मला मराठीत. डावं पेडल आवळताना ते बुशालाही त्याच दिशेने ढकलणार. बाहेरचे आटे सरळ असतील तर पेडल आवळता आवळता बुश सुटून बाहेर येईल. दोन्ही डावे असले तर पेडल बुशालाही आवळत नेईल. फक्त बुश आत किती जाईल याला अडवायला बाहेरच्या तोंडाशी कॉलर, म्हणजे जरा रुंद किनार, हवी. ती कॉलर वर आली तर पेडल एक मिलिमीटर बाहेर सरकेल, म्हणून क्रँकमध्ये तेवढी खोलगट जागा करायची, म्हणजे कॉलर पृष्ठभागाशी सपाट बसेल. हे सगळं त्यांनी खडूने लेथच्या बेडवर काढून दाखवलं. आमच्या गावातल्या शेडमध्ये हे शहाणपण रोज तीन भाषांत फिरत असतं, आणि त्याबद्दल आपण फार कमी लिहितो.

बुश आधी केलं. पितळेची सळी समोर होती, पण पितळ मऊ पडेल म्हणून ईएन-८ पोलाद घेतलं. बाहेरचे आणि आतले आटे एकाच पकडीत, सळी न काढता पाडले, म्हणजे दोन्हींचा मध्य एकच राहतो. डावा आटा पाडताना टूल चकाकडून (सळी धरणाऱ्या जबड्यांकडून) बाहेर यावं लागतं, म्हणून कॉलरच्या मुळाशी आधी बारीक खाच घेतली आणि टूल तिथून सुरू केलं. प्रत्येक फेरीत केसाएवढी कट. शेवटी शेवटी दर कटनंतर माझं पेडल लावून बघत होते. एका कटपर्यंत ते तोंडाशी अडलं, पुढच्या कटला बोटांनी सरळ शेवटपर्यंत गेलं, जराही न हलता.

खरं कसब क्रँक बांधण्यात होतं. जबड्याच्या चकात तो नीट बसेना, म्हणून फेसप्लेट (काम बांधायची सपाट गोल तबकडी) लावली. क्रँकचं टोक फेसप्लेटवर, खाली दोन समान जाडीच्या पट्ट्या, म्हणजे भोक प्लेटला काटकोनात राहील आणि मागे टूलला सुटायला जागाही मिळेल. क्लॅम्प आवळले, विरुद्ध बाजूला वजन बांधलं, कारण लांब क्रँक एकाच बाजूला फिरणार. मग आतल्या टोकाच्या शाबूत आट्यांवर डायल (केसाएवढा फरक दाखवणारं मापयंत्र) लावून मध्य पकडला. बिघडलेल्या तोंडावर मध्य पकडला असता तर भोकच सरकलं असतं. ही काटकोनाची गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. भोक एक-दोन अंश जरी तिरकं झालं तरी पेडल प्रत्येक फेरीला डुलतं आणि त्याचा भार गुडघ्यावर येतो. हातातल्या ड्रिलने भोक मोठं करून देतो म्हणणाऱ्याला म्हणूनच नाही म्हणावं.

लेथ अगदी हळू फिरवलं. अॅल्युमिनियम टूलला चिकटतं, म्हणून मध्येमध्ये घासलेटचे थेंब. भोक १७.७ पर्यंत बोअर केलं, कॉलरची बैठक घेतली आणि मग आटे. इथेही टूल आतून बाहेर. क्रँक मशीनवरून उतरवला तेव्हा आटे आरशासारखे चमकत होते. बुश त्यात बोटांनी फिरवून पाहिलं. जरा घट्ट, पण सलग गेलं.

बसवण्याचं काम मामांनी मलाच करायला दिलं आणि बाजूला उभे राहिले. दोन्ही आटे थिनरने धुऊन वाळवले. बुशाच्या बाहेरच्या आट्यांना बेअरिंग कायमचं बसवायला वापरतात ते लॉकटाइट. ते धातूंच्या फटीत, हवा न लागता वाळतं. आतल्या आट्यांना मात्र भरपूर ग्रीस, म्हणजे लॉकटाइट चुकून आत आलं तरी तिथे धरणार नाही. बुश हाताने फिरवलं, मग पेडल त्यात लावून पान्याने आवळलं, तेव्हा पेडलने कॉलर बैठकीवर दाबून बसवली. आणि पेडल तसंच ठेवून क्रँक एक दिवस-रात्र हलवायचा नाही. ही वाट बघणं टाळू नये. ते पुरतं वाळायच्या आत पेडल सोडवायला गेलात तर बुशही त्याच्याबरोबर बाहेर येईल. लॉकटाइटचा आणखी एक फायदा म्हणजे पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या मध्ये पाणी शिरत नाही. आपल्याकडे, विशेषतः खानापूर, कणकुंबीच्या बाजूला पावसात सायकल चालवणाऱ्याला हे महत्त्वाचं आहे. नाहीतर दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते आणि पुढे काही सुटता सुटत नाही.

चहा घेताना मामा सहज म्हणाले, "ह्या गावात कारखानदारी सायकलवरनंच आली की." खरंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. नांगर, कडबा कापायचं यंत्र हे सगळं त्यानंतरचं, आणि किर्लोस्करवाडी १९१० ची. त्यांच्या नावाचा रस्ता गावात अजून आहे. त्या रस्त्यापासून थोड्याच अंतरावर सायकलचा आटा दुरुस्त होत नाही, असं उत्तर मिळावं याचं मला वाईट वाटतं.

सगळा खर्च नव्या क्रँकसेटच्या निम्म्याहून कमी आला. मामा तर मजुरी सांगायलाच तयार नव्हते. मी आग्रहाने योग्य ती दिली. अशा सुट्या कामात त्यांचा अर्धा दिवस मोडतो, त्याचे पैसे द्यायलाच हवेत.

घरी क्रँक मधल्या अॅक्सलवर बसवून बोल्ट ४० न्यूटन-मीटरला आवळला. पेडलही साधारण ३५ ते ४० लाच. टॉर्क पाना नसेल तर साध्या पेडल पान्याने पूर्ण हातभर जोर, पण पाईप घालून नाही. बुश, क्रँक आणि पेडलचा अॅक्सल या तिन्हींवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढून ठेवली. काही सरकलं तर रेघ तुटलेली दिसेल. पहिल्या थोड्या रपेटींनंतर पेडल पुन्हा एकदा आवळून पाहिलं, तर जवळजवळ हललंच नाही. त्यानंतर राजहंसगडाच्या चढावर उभं राहून चढलो. आवाज नाही, डुलणं नाही.

उजवं पेडलही त्याच हातांनी बसवलेलं होतं, म्हणून ते काढून तपासलं. तोंडाचा पहिला आटा जरा दाबला गेला होता, बाकी सगळे चांगले. ते पेडल आतल्या बाजूने, शाबूत टोकाकडून बोटांनी घालून बाहेरपर्यंत आणलं, तेव्हा तो दबलेला आटा आपोआप जागेवर आला. मग ग्रीस लावून नेहमीसारखं बाहेरून बसवलं. बोटांनी शेवटपर्यंत गेलं.